गल्ल्याला घंटी बांधणारा माणूस

या अंकासाठी कुणी कुणावर लिहायचं हे मंडळाच्या सभेत ठरत होतं, तेव्हा कवी, संत, समाजसुधारक पटापट वाटले गेले. मी एका दुकानदाराचं नाव दिलं. तेही परक्या देशातल्या, शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या आणि कोर्टानं एकदा तुरुंगाची शिक्षा सुनावलेल्या. सगळे हसले. हा माणूस का निवडला ते सांगायचं तर आधी आमच्या दुकानातली एक गोष्ट सांगावी लागेल. सांगायला लाज वाटते, पण ती टाळून पुढचं लिहिलं तर ते नुसतं सालांची यादी होईल.

आमचं घर बेज्जूरचं. तेलंगणातला पूर्वीचा आदिलाबाद जिल्हा, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. प्राणहिता ओलांडली की पलीकडे गडचिरोली, म्हणजे महाराष्ट्र. त्यामुळे आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक तेलुगूत भाव करतं आणि हिशोब मराठीत होतो, यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. गल्ला लाकडी, आबाजींच्या काळचा. त्याला कुलूप आहे, पण मी ते कधी लावलेलं पाहिलं नाही. दुकानात एक दादा कामाला आहेत. मी चौथीत होते तेव्हापासून आहेत. बाबा जेवायला घरात आले की गल्ल्यावर तेच बसायचे.

मागच्या नाताळच्या सुट्टीत मी घरी होते. एका रात्री रोजमेळ मिळवताना पाचशे रुपये कमी पडले. बाबांनी नोटा दोनदा मोजल्या. कुणी कुणाला काही बोललं नाही. बाबांनी फक्त एकदा दादांकडे पाहिलं. दादांनी उभ्या उभ्या शर्टाचा खिसा उलटा केला, मग पँटचे दोन्ही. त्यातून तंबाखूची डबी आणि थोडी चिल्लर निघाली. ती परत खिशात घालून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत.

ती नोट मी काढली होती. त्याच दिवशी सकाळी, कागजनगरला केकचं सामान आणायला जाताना. वहीत नंतर लिहीन म्हटलं आणि विसरले. दादा खिसे उलटे करत होते तेव्हा मी समोर स्टुलावरच बसले होते, तरी मला आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी पर्समध्ये सामानाचं बिल सापडलं तेव्हा आठवलं. बाबा स्वतः त्यांच्या घरी गेले. दादा परत आले, पण त्या दिवसापासून गल्ल्याला हात लावीनात. सामान तोलायचं, पुड्या बांधायच्या, आणि पैसे द्यायची वेळ आली की गिऱ्हाइकाला बाबांकडे पाठवायचं.

कॉलेजात परत आल्यावर हे डोक्यातून जाईना. गल्ल्यातले पैसे कमी पडणं हा प्रकार आमच्याच दुकानात होतो की सगळीकडे, आणि लोकांनी त्यावर काय केलं, हे शोधत बसले. त्या शोधात मला जॉन हेन्री पॅटरसन सापडले.

पॅटरसन यांचा जन्म १३ डिसेंबर १८४४ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावाजवळच्या शेतावर. घराणं जुनं आणि मानाचं. आजोबा कर्नल रॉबर्ट पॅटरसन हे केंटकीतलं लेक्सिंग्टन शहर वसवणाऱ्यांपैकी एक. जॉन यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात शेवटी शेवटी थोडे दिवस शिपाईगिरी केली, मग डार्टमथ कॉलेजातून १८६७ मध्ये पदवी घेतली. पदवीधर मुलाला नोकरी मिळाली ती कालव्यावर टोल वसूल करायची. येणाऱ्या होडीकडून पैसे घ्यायचे, पावती द्यायची, रात्री हिशोब जुळवायचा. पुढं आयुष्यभर ज्या पैशांच्या हिशोबानं त्यांना झपाटलं, त्याची ही पहिली शाळा असावी असं मला वाटतं.

त्यानंतर भावांबरोबर कोळशाचा धंदा. ओहायोतल्याच कोलटन या खाणीच्या गावात कामगारांसाठी त्यांचं एक दुकान होतं. गिऱ्हाईक भरपूर, दुसरं दुकान जवळपास नाही, माल खपतो, तरीही वर्षाअखेर नुकसानच. पॅटरसन स्वतः दूर डेटनला, दुकान नोकरांच्या भरवशावर. पैसे जातात हे कळत होतं, पण कुठून आणि कुणाच्या हातून जातात हे कळायला मार्ग नव्हता.

इथं थोडं मागं जावं लागेल, कारण या दुखण्यावरचं औषध त्यांच्याच गावात तयार झालेलं होतं. डेटनमध्ये जेम्स रिटी नावाचे एक गृहस्थ दारूचं दुकान चालवत. त्यांचंही रडगाणं हेच होतं. बार भरलेला, आणि गल्ला रिकामा. १८७८ मध्ये ते बोटीनं युरोपला निघाले. बोटीच्या इंजिनखोलीत त्यांना एक यंत्र दिसलं. बोटीचा पंखा किती वेळा फिरला हे ते आपोआप मोजत होतं. पंख्याचे फेरे मोजता येतात, तर गल्ल्यात पडणारे पैसे का नाही, हा विचार तिथं त्यांच्या डोक्यात आला. परत येऊन त्यांनी आपला भाऊ जॉन याच्या मदतीनं यंत्र बनवलं आणि ४ नोव्हेंबर १८७९ ला त्याचं पेटंट मिळालं. दिसायला ते घड्याळासारखं होतं. काट्यांच्या जागी डॉलर आणि सेंट. नाव ठेवलं होतं, कधीही भ्रष्ट न होणारा रोखपाल. पैसे ठेवायचा कप्पा त्याला सुरुवातीला नव्हताच. त्यात नुसती मोजदाद व्हायची. एक दुकान आणि एक कारखाना अशा दोन होड्यांवर पाय ठेवणं रिटी यांना जमेना. १८८१ मध्ये त्यांनी तो धंदा विकून टाकला. घंटी आणि खणाची भर नंतरच्या मालकांनी घातली.

हे यंत्र कोलटनच्या दुकानात आलं आणि नुकसान थांबलं. फक्त प्रत्येक विक्रीची नोंद व्हायला लागली, एवढंच.

हे यंत्र चालायचं कसं ते समजून घेण्यासारखं आहे. नोकर किमतीची बटणं दाबतो. त्याबरोबर वरच्या काचेत आकडा उभा राहतो, तो गिऱ्हाइकाला समोरून दिसतो. घंटी वाजते, ती मालकाला मागच्या खोलीत ऐकू येते. खण उघडतो, आणि आतल्या दातेरी चाकांवर ती रक्कम आधीच्या बेरजेत मिळवली जाते. त्या चाकांना नोकराचा हात पोचत नाही, किल्ली मालकाकडं. खण उघडायचा तर बटण दाबावंच लागतं, आणि बटण दाबलं की नोंद झालीच. पुढच्या यंत्रांवर तर प्रत्येक नोकराचं वेगळं बटण आलं, म्हणजे कुठला व्यवहार कुणी केला तेही कळू लागलं. थोडक्यात, दोन माणसांमध्ये गुपचूप होणारी देवघेव यंत्रानं चारचौघांत आणली.

१८८४ मध्ये पॅटरसन यांनी साडेसहा हजार डॉलर मोजून ती यंत्रं बनवणारी कंपनीच ताब्यात घेतली आणि तिला नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी असं नाव दिलं. डेटनमधल्या व्यापाऱ्यांनी त्यांची इतकी टिंगल केली, की सौदा मोडण्यासाठी ते वर दोन हजार डॉलर द्यायला तयार झाले होते, असं सांगतात. विकणाऱ्यानं कंपनी परत घ्यायला साफ नकार दिला. मग आता गळ्यात पडलंच आहे तर नेटानं करू, या जिद्दीनं ते कामाला लागले.

अडचण यंत्र बनवण्यात नव्हती, ते दुकानात बसवण्यात होती. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला. मालकाला वाटायचं, एवढा खर्च कशाला, माझे नोकर प्रामाणिक आहेत. नोकरांना वाटायचं, हे यंत्र म्हणजे सरळसरळ आपल्याला चोर म्हणणं. नोकर इतके बिथरले, की कंपनीची जाहिरातीची पत्रकं आली की ती मालकाच्या हाती पडण्याआधीच गडप करायचे. शेवटी पॅटरसन कंपनीचं नाव नसलेल्या साध्या पाकिटांतून पत्रकं पाठवू लागले.

मग त्यांनी विक्रेते तयार केले. आज कंपन्या विक्रीचं ट्रेनिंग देतात, त्याची सुरुवात बऱ्याच अंशी इथली. १८८७ मध्ये त्यांच्या मेव्हण्यानं, जोसेफ क्रेन यांनी, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं याची एक छोटी पुस्तिका केली. ती विक्रेत्यांना तोंडपाठ करावी लागे. पुढं त्यांच्यासाठी रीतसर शाळा निघाली. नोकर चोर आहेत असं दुकानदाराला पटवण्यापेक्षा एक वेगळी गोष्ट त्याच्या गळी उतरवायची होती. गल्ला उघडा ठेवणं म्हणजे प्रामाणिक माणसालाही मोहात ढकलणं, आणि एखाद्या दिवशी पैसे कमी पडले तर निर्दोष माणसाला स्वतःच्या बाजूनं दाखवायला काहीच न ठेवणं. हे वाचताना मला दादांचे उलटे केलेले खिसे दिसले. आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत मोहापासून राखण्याची विनंती करतो. पण दुसऱ्याला मोहात आणि संशयात टाकणारी व्यवस्था आपणच मांडून ठेवतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

धंदा वाढत गेला तसे पॅटरसन यांना आपल्याच कारखान्यातले कामगार दिसायला लागले. तेही सहजासहजी नाही. १८९४ च्या सुमारास इंग्लंडहून पन्नास हजार डॉलरची यंत्रं परत आली. त्यांच्या आत कुणीतरी ॲसिड ओतलं होतं. पॅटरसन यांनी आपलं टेबल उचलून थेट कामगारांमध्ये नेऊन ठेवलं. तिथं बसल्यावर त्यांना दिसलं की जागा अंधारी आहे, घाण आहे, आणि अशा ठिकाणी कुणाला काम चांगलं करावंसं वाटण्याचं कारणच नाही. एकदा एक बाई काहीतरी गरम करताना दिसली. त्यांना वाटलं सरस आहे. पण ती बिचारी जेवणाबरोबर प्यायची कॉफी होती. त्यानंतर कारखान्यात गरम जेवण सुरू झालं. भिंतींच्या जागी मोठमोठ्या काचा आल्या, कामाच्या जागी दिवसाचा उजेड पोचला. दवाखाना, न्हाणीघरं, रात्रीचे वर्ग निघाले. बायकांना पाठ टेकायला खुर्च्या मिळाल्या. ट्रामच्या गर्दीत त्यांचे हाल होऊ नयेत म्हणून त्यांची कामाची वेळ पुरुषांपेक्षा उशिरा सुरू व्हायची आणि लवकर संपायची. हे धर्मादाय म्हणून केलं असं त्यांनी कधी भासवलं नाही. सुखी कामगार चांगलं यंत्र बनवतो, हा त्यांचा रोखठोक हिशोब होता.

माणूस मात्र विक्षिप्त. पहाटे अधिकाऱ्यांना घेऊन घोड्यावरून रपेट काय, खाण्यापिण्याचे नवे नवे प्रयोग काय. आज डोक्यावर घेतलेल्या माणसाला उद्या कामावरून काढायला त्यांना कारण लागत नसे. त्यांच्या हाताखाली तयार झालेली आणि त्यांना सोडून गेलेली माणसं पुढं जगभर गाजली. चार्ल्स केटरिंग यांनी १९०६ मध्ये कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली. मोटारगाडी बटणावर सुरू करणारा स्टार्टर पुढं त्यांनीच काढला. थॉमस वॉटसन यांना पॅटरसन यांनी काढून टाकलं, आणि त्यांनी दुसरीकडं जाऊन जी कंपनी मोठी केली ती आज आयबीएम म्हणून ओळखली जाते. १९११ पर्यंत नॅशनल कंपनीची १० लाख यंत्रं विकली गेली होती.

आता तो भाग, ज्याच्यामुळं सभेत सगळे हसले होते. दुसऱ्याच्या गल्ल्यातली पै न पै मोजणाऱ्या या माणसाचा स्वतःचा व्यवहार मात्र सरळ नव्हता. दुसरी कुठलीही कंपनी कॅश रजिस्टर बनवायला लागली, की तिला संपवायचं हे ठरलेलं. जुन्या यंत्रांचे दुकानदार बुडवण्यासाठी वॉटसन यांच्या नावावर एक वेगळा धंदा उघडला होता. त्यामागं पैसा नॅशनलचा आहे हे कुणाला माहीत नव्हतं. सरकारनं खटला भरला, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये पॅटरसन आणि त्यांचे दोन डझनांहून जास्त अधिकारी दोषी ठरले. पॅटरसन यांना एक वर्षाचा तुरुंग आणि पाच हजार डॉलर दंड. नोकराच्या प्रत्येक व्यवहाराला घंटी होती. मालकाच्या व्यवहाराला नव्हती. ती वाजवायला कोर्ट लागलं.

आणि लगेच पुढच्या महिन्यात डेटन बुडालं. त्या वर्षी ईस्टर २३ मार्चला होता. सण होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच, २५ मार्चला, मायामी नदीचे बांध फुटले आणि भरवस्तीत पाणी घुसलं. साडेतीनशेहून जास्त माणसं त्या पुरात गेली. पॅटरसन तेव्हा ६८ वर्षांचे. त्यांचा कारखाना उंचावर होता. यंत्रं बनवणं थांबवून त्यांनी सुतारांना होड्या करायला बसवलं. सपाट बुडाच्या, सोप्या, जवळजवळ तीनशे होड्या तिथं तयार झाल्या आणि छपरांवर, झाडांवर अडकलेली माणसं त्यांतून आणली गेली. कारखान्यातच हजारोंची जेवणाची, झोपायची, औषधपाण्याची सोय झाली. त्यांना राष्ट्राध्यक्षांनी माफी द्यावी म्हणून देशभरातून मागणी आली. पॅटरसन यांनी माफी नको असं कळवलं. आपण गुन्हाच केलेला नाही, मग माफी कसली, असं त्यांचं म्हणणं. १९१५ मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली. पुन्हा पूर येऊ नये म्हणून वर्गणी जमवण्यात ते पुढं होते, आणि त्यातून नदीवर मातीची धरणं उभी राहिली.

७ मे १९२२ ला आगगाडीनं अटलांटिक सिटीला जाताना वाटेतच त्यांचं निधन झालं. डेटनच्या वुडलँड दफनभूमीत ते आहेत. पहिलं यंत्र बनवणारे जेम्स रिटीही तिथंच आहेत.

हे सगळं वाचून मी पॅटरसन यांना संत ठरवणार नाही, आणि निव्वळ धूर्त व्यापारी म्हणूनही सोडून देणार नाही. त्यांनी होड्या बांधल्या म्हणून वॉटसनच्या नावाचा तो लपवलेला धंदा पुसला जात नाही. पण मला त्यांच्याकडून एक गोष्ट कळली. विश्वास आणि नोंद या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. आमच्या घरात कायम असंच मानलं गेलं की आपला माणूस आहे, त्याच्या मागं वही घेऊन काय बसायचं. ऐकायला छान वाटतं. पण ज्या दिवशी पाचशे रुपये कमी पडले, त्या दिवशी त्या विश्वासाची किंमत दादांनी मोजली, आम्ही नाही. नोंद असती तर बाबांना त्यांच्याकडे बघावंच लागलं नसतं.

आता मोठ्या शहरांत याच्या कितीतरी पुढची यंत्रं आली आहेत. नोट आत सारली की ती खरी-खोटी तपासतात, मोजतात, आणि सुटे पैसेही स्वतःच परत देतात. कॅशिअरचा नोटेला हात लागत नाही. बेज्जूरला एवढं कुणी मागत नाही. पण फोननं पैसे भरले की रक्कम मोठ्यानं सांगणारी छोटी पेटी आमच्याकडंही आहे. तिचा आवाज ऐकला की मला आता रिटी आणि पॅटरसन यांची घंटीच आठवते. पैसे आले ते मालकालाही कळलं, गिऱ्हाइकालाही, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही.

यंत्र घ्यायचं सुचवलं ते मात्र मी नाही, दादांनी. मी फोनवर बाबांना पॅटरसनची गोष्ट सांगत होते. बाबा टाळत होते. नोकराला वाईट वाटेल, त्याच्यावर अजून संशय आहे असं त्याला वाटेल, हीच त्यांची काळजी. कोलटनच्या काळापासून मालक हेच म्हणत आले आहेत. दादा मागं पुड्या बांधत होते, त्यांनी ते ऐकलं आणि सरळ सांगितलं की मशीन आणा, म्हणजे मी बसतो गल्ल्यावर.

फेब्रुवारीत बिलाचं मशीन आलं. त्याच्याखाली आपोआप उघडणारा खण. आबाजींचा लाकडी गल्ला आता घरात आहे, आई त्यात मेणबत्त्या आणि काडेपेट्या ठेवते. मशीनला प्रत्येकाचा नंबर टाकावा लागतो. कुणाला कुठला द्यायचा हे बाबांनी दादांनाच ठरवायला सांगितलं. त्यांनी एक नंबर बाबांना दिला, दोन स्वतःला, तीन आईला आणि चार मला.

ईस्टरला घरी गेले होते. परत निघताना गाडीभाड्याला पैसे हवे होते. दादा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मशीन माझ्याकडे वळवलं. मी चार दाबलं, रक्कम टाकली, खण उघडला. आमच्या मशीनला पॅटरसनसारखी घंटी नाही, नुसतं टिक वाजतं. पण दादांनी मान हलवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला साखर किती पाहिजे ते विचारायला लागले.